पुलावरचं पाणी गोठतं तेव्हा

११ फेब्रुवारी २०२१. टेक्सासमधल्या फोर्ट वर्थ शहरात पहाटे सहाच्या सुमारास आय-३५ डब्ल्यू महामार्गावर गाड्या घसरायला लागल्या. मागून येणाऱ्यांना थांबता येईना. बघता बघता सव्वाशेहून जास्त वाहनं एकमेकांवर आदळली, मालट्रक मोटारींवर चढले. सहा जणांचा जीव गेला, कितीतरी जखमी झाले. रुग्णालयातल्या पाळीसाठी ये-जा करणारी माणसंही त्यात सापडली. रस्त्यावर बर्फाचे ढीग कुठेच नव्हते. होता तो फक्त गोठलेल्या पावसाचा पातळ, पारदर्शक थर.

बर्फाचं वादळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पांढरंशुभ्र दृश्य येतं. पण भुसभुशीत हिम निदान दिसतं, माणूस आपोआप सावध होतो. घात करतो तो गोठणारा पाऊस. वरून निघालेलं हिम मधल्या उबदार हवेत वितळून त्याचा पाऊस होतो. जमिनीलगतच्या हवेचा थर मात्र शून्याखाली असतो. त्या थरातून येताना थेंब शून्याखाली जाऊनही पाणीच राहतात आणि रस्ता, तारा, झाडं, जिथे टेकतील तिथे गोठतात. खालचं डांबर दिसत राहतं, म्हणून तिकडे त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. हेडलाइटच्या उजेडात तो रस्ता नुसता ओला वाटतो.

त्यातही पूल आधी गोठतात. जमिनीवरच्या रस्त्याला खालच्या मातीची ऊब असते, पुलाला वरून-खालून गार हवाच लागते. फोर्ट वर्थचा अपघातही उंचावरच्या भागात झाला. तिथे मिठाचं द्रावण मारलं होतं, पण सुमारे दोन दिवस आधी, आणि वेगमर्यादा होती ताशी १२० किलोमीटरच्या आसपास. मिठाने पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो हे खरं. पण वरून पाऊस पडत राहिला की मीठ पातळ होतं, वाहून जातं. पारा उणे ९-१० अंशांच्या खाली गेला की साधं मीठ फारसं चालतही नाही.

आता एक हिशेब बघा. कोरड्या डांबरावर ताशी १०० च्या वेगातली मोटार ब्रेक लागल्यावर साधारण ५०-५५ मीटरमध्ये थांबते. गुळगुळीत बर्फावर तिलाच जवळपास ४०० मीटर लागतात. वेग ४० वर आणला तरी ६० मीटर लागतातच. फोर-व्हील ड्राइव्हवर विसंबणाऱ्यांना हे आवर्जून सांगावंसं वाटतं: चारही चाकांची ताकद गाडी हलवायला उपयोगी पडते, थांबवायला नाही.

डॅलस-फोर्ट वर्थ भागात मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. पण मला काळजी वाटते ती नाताळच्या सुट्टीत मनालीला जाणाऱ्या आपल्या लोकांची. ३ ऑक्टोबर २०२० ला नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि मनालीपलीकडच्या लाहौलचं बर्फ एका दिवसाच्या सहलीत आलं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या पट्ट्यात हजाराच्या आसपास वाहनं हिमवर्षावात अडकली. उतारावर मोटारी आपसूक घसरत होत्या. वरंधा, आंबेनळी घाटांत पावसाळ्यात गाडी चालवणाऱ्याचा हात पक्का असतो, पण बर्फावर जोरात दाबलेला ब्रेकच गाडी हाताबाहेर घालवतो. इथे ॲक्सिलरेटर सोडायचा, खालच्या गिअरमध्ये उतरायचं, स्टिअरिंगला झटका द्यायचा नाही.

अडकल्यावरचा धोका तर त्याहून लपलेला. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरी या थंड हवेच्या ठिकाणी बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक पर्यटक मेले. काही गारठून, तर काही कार्बन मोनॉक्साइडने, असं तेव्हा सांगितलं गेलं. हीटरसाठी इंजिन चालू ठेवायचं, बाहेर सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजायचं, आणि तो बिनवासाचा वायू आत साचायचा. झोपेतल्या माणसाला कळतही नाही. म्हणून आधी खाली उतरून सायलेन्सरभोवतीचं बर्फ काढावं, इंजिन थोडा थोडा वेळच चालवावं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवावी. गाडीत ब्लँकेट, पाणी, टॉर्च आणि लहानसं फावडं असू द्यावं.

मनालीचा ड्रायव्हर सकाळी म्हणाला, “साहेब, ऊन रस्त्यावर येऊ द्या, मग निघू,” तर त्याच्याशी हुज्जत घालू नका. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेलं पाणी सावलीच्या वळणांवर दुपारपर्यंत तसंच असतं, आणि ती वळणं त्याला पाठ असतात.