मातीतून दाण्यात
● डिसेंबर २०२४च्या अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत अनेकांचे केस झपाट्याने गळू लागले. वैद्यकीय संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रेशनच्या गव्हातील जादा सेलेनियमकडे बोट दाखवले.
● गव्हात सेलेनियम मातीतून येते; भातात आर्सेनिकही असेच मातीतून चढते. खाचरात पाणी तुंबले की ऑक्सिजन संपतो. काही जिवाणू श्वसनासाठी लोहाचे ऑक्साइड वापरतात आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक मोकळे होते.
● सिलिका शोषणाऱ्या वाटेनेच ते मुळांत शिरते.
● मुळांतून झिरपणाऱ्या ऑक्सिजनमुळे त्यांच्यावर लोहाचा तांबूस थर चढतो. तो काही आर्सेनिक अडवून धरतो.
● खाचर अधूनमधून सुकू दिल्यास दाण्यातले आर्सेनिक घटते.
● पॉलिश तांदळात असेंद्रिय आर्सेनिकची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्नमानके) मर्यादा: किलोमागे ०.२ मिलिग्रॅम.