दहा शेळ्यांचा धंदा टिकतो कशावर?

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात बकऱ्यांचा व्यापार करणाऱ्या बांधवांपैकी काहीजण आता स्वतःच दहा-वीस शेळ्या पाळू पाहतात, अथवा खेड्यातील एखाद्या कुटुंबास बटाईने देतात. विचार चांगला आहे. परंतु व्यापाऱ्यास जनावराचे वजन व दाम कळते, करडू का मरते हे कळतेच असे नाही. आणि या धंद्याचा नफा-तोटा नेमका तेथेच ठरतो.

साधा हिशेब पाहू. शेळी पाच महिने गाभण राहते. सांभाळ नीट असेल तर दोन वर्षांत तीनदा विते व पुष्कळदा जुळी देते. 10 शेळ्यांची वर्षाला 15 वेते व दर वेताला सरासरी दीड करडू धरले, तर कागदावर 22 करडे होतात. त्यातील 8 दगावली तर 14 उरतात. चारा, राखणदाराची मजुरी व औषधपाणी मात्र फारसे कमी होत नाही. म्हणजे गेलेली 8 करडे हाच मालकाचा नफा होता. अकरावी शेळी घेण्याआधी ती वाचवावीत, असे आमचे सांगणे आहे.

मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी हा धानाचा मुलूख. पाऊस भरपूर, आणि शेळीला ओल सोसत नाही. म्हणून कोठ्यात जमिनीपासून दोन-तीन फूट उंच बांबूचा माच करावा. लेंडी खाली पडावी, पण करडाचा पाय अडकू नये, एवढीच फट ठेवावी. या भागात बांबूही मिळतो आणि त्याचे काम जाणणारे कारागीरही.

दुसरी गोष्ट वेळेची. फेब्रुवारी-मार्चमध्ये फळलेली शेळी ऐन जुलै-ऑगस्टच्या झडीत विते. त्या महिन्यांत बोकड वेगळा बांधावा व मे-जूनमध्ये कळपात सोडावा, म्हणजे करडे ऑक्टोबर-नोव्हेंबरात कोरड्यावर जन्मतात. जन्मताच नाळेला आयोडीन लावावे व तासाभरात चीक पाजावा. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषाराची लस व जंताचे औषध द्यावे. पीपीआरची लसही चुकवू नये. अभयारण्यात व त्यापासून पाच किलोमीटरच्या आत असलेल्या जनावरांना लस देण्याची तरतूद वन्यजीव कायद्यातच आहे, हे ताडोबालगतच्या वाचकांनी लक्षात ठेवावे.

धानाच्या तणशीवर बैल निभावतो, शेळी निभावत नाही. झडीच्या दिवसांसाठी तूर, हरभरा व लाखोळीचे कुटार आधीच साठवावे. बांधावर सुबाभूळ, शेवरी लावावी.

चराईसाठी जंगल आहे, पण ते मोकळे नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याने चराईचा हक्क मानला आहे, तो तेथे राहणाऱ्या गावकऱ्यांचा. धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. बाहेरच्या व्यापाऱ्याने ग्रामसभेस विचारूनच कळप न्यावा. वाघ-बिबट्याचा मुलूख असल्याने दिवस मावळण्याआधी कळप घरी यावा. जनावर मारले गेल्यास ते जागचे हलवू नये. लगेच वनखात्यास कळवून पंचनामा करून घ्यावा, तरच भरपाई मिळते.

आता विक्री. ऑक्टोबर-नोव्हेंबरात जन्मलेला बोकड मे-जूनमधील ईदला सात-आठ महिन्यांचाच असतो. कुर्बानीस पूर्ण एक वर्षाचा व निर्दोष बोकड लागतो. शिवाय ईद दरवर्षी 10-11 दिवस अलीकडे येते. 2024 मध्ये ती 17 जूनला होती, 2025 मध्ये 7 जूनला. म्हणून देखणे दोन-चार बोकड पुढील ईदसाठी राखावेत, बाकीचे वेळेवर विकून चारा वाचवावा. विक्री काट्यावर करावी, अंदाजाने नव्हे.

शेवटी बटाईबद्दल. शेळी रोगाने मेली अथवा वाघाने नेली तर नुकसान कोणाचे, लस व औषधाचा खर्च कोणाचा, हे आरंभीच दोन साक्षीदारांसमोर लिहून ठेवावे. राखणारे कुटुंब सहसा गरीब असते. सगळा तोटा त्याच्या माथी मारणारा सौदा एका पावसाळ्यातच मोडतो. जो करडांमागे कष्ट करतो, त्याला वाचलेल्या करडांत वाटा मिळाला, तर तो रात्री उठून कोठ्यात डोकावेल. दहा शेळ्यांचा धंदा त्यावरच टिकतो.