पहिला कागद

२९ सप्टेंबर २००६. भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले. ॲट्रॉसिटी कायदा मात्र लागू झाला नाही. जग जात पाहत होते, निकालात ती आली नाही!

म्हणून आम्ही समाजबांधवांना सांगतो, लढाई ठाण्यातल्या पहिल्या कागदापासून लढा. जातीवाचक शब्द, जुना वाद, साक्षीदार, सारे फिर्यादीत आणा. वाचून घेतल्याशिवाय सही करू नका. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही हद्दीतील ठाण्यात देता येते. प्रत मोफत मिळते. ॲट्रॉसिटीत गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशीची गरज नाही. ठाणेदाराने नकार दिला तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, पुढे न्यायदंडाधिकारी आहेत. बाबासाहेबांनी हक्क लिहून दिले; फिर्याद लिहून घेणे आपल्या हाती आहे.