मनोरा आणि मान्यता

सामन्याच्या कडेला प्रेक्षकांस चेतविणाऱ्या ‘चीअरलीडिंग’ पथकांचें कौशल्य खेळ म्हणावें काय, असें नातवानें विचारिलें, तेव्हां आम्ही हंसलों. परंतु पेण-रोह्याकडील दहीहंडीचे गोविंदा आठवले आणि हंसूं मावळलें. तसेच मानवी मनोरे हीं पथकेंही रचतात. दहीहंडीस महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं साहसी खेळ ठरविलें. चीअरलीडिंगच्या जागतिक संघटनेस आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनें २०२१ सालीं पूर्ण मान्यता दिली. आमच्या मतें श्रम, नियम व पंच असतील तो खेळ; सामन्याच्या विश्रांतींतील नाच ही करमणूक. मात्र नुसत्या नांवानें हाडें सांधत नाहींत. वरच्या थरावरील पोरास शिरस्त्राण, खालीं गाद्या व वर्षभर तालीम मिळेल, तरच वाचकहो, ही पदवी सार्थ!