शर्यत वेगाची नव्हे, तग धरण्याची

चाळिशी-पंचेचाळिशीतला नोकरदार मुलगा सुट्टीच्या दिवशी रानावनातून मोटारसायकल हाकण्याच्या शर्यतीत उतरू लागला, की घरातील वडीलधाऱ्यांची झोप उडते. ‘या वयात हे काय खूळ?’ असे आईवडील विचारतात आणि ‘तुम्हांला यातले काही कळत नाही’ असे मुलगा म्हणतो. दोघांच्याही बोलण्यात थोडे तथ्य असते. म्हणून या खेळात शरीराचे काय होते, ते आपण समजून घेतलेले बरे. स्वाराची काळजी कशी घ्यावी ते त्यातून कळेल, शिवाय उतारवयात आपल्याला उपयोगी पडावे असेही काही हाती लागेल.

एंड्युरो म्हणजे काय?

या प्रकाराला ‘एंड्युरो’ म्हणतात. गुळगुळीत धावपट्टीवर फेऱ्या मारण्याची ही शर्यत नव्हे. जंगल, चढउतार, नदीचे पात्र, चिखल आणि सुटे दगड अशा वाटेने तासन्‌तास जायचे असते. सड्यावरचा जांभा, शेवाळलेली पाणंद आणि भरून वाहणारा व्हाळ हे सारे एकाच दिवसात, पुन्हा पुन्हा ओलांडायचे आहे अशी कल्पना करा, म्हणजे मालवण किनाऱ्यावरच्या आपल्यासारख्यांना चित्र स्पष्ट होईल. १९१३ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथे सुरू झालेली सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा ही या खेळाची सर्वांत जुनी परंपरा होय. १९८१ पासून तिच्या नावातच ‘एंड्युरो’ हा शब्द आला. तेथे वाटेत गाडी बिघडली, तर ती स्वाराने स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायची असते.

या खेळाचा एक नियम मला फार अर्थपूर्ण वाटतो. तपासणीच्या ठिकाणी ठरलेल्या मिनिटाला हजर व्हावे लागते. उशीर झाला तर दंड होतो आणि लवकर पोहोचले तरीही दंड होतो. वेगाने कापायचे टप्पे मोजकेच असतात. उरलेला दिवस शक्ती राखून, ठरल्या गतीने काढायचा असतो. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर चार दिवसांत जिना चढू पाहणाऱ्या आणि चार महिने खाटेवरून न उठणाऱ्या, अशा दोन्ही रुग्णांना मी हेच सांगत असतो.

हौशी स्वाराच्या शरीराचे काय होते?

याच जातीच्या शर्यतींचे वाळवंटातील भव्य रूप म्हणजे डकार रॅली. २०२१ मध्ये सौदी अरेबियात झालेल्या डकारमध्ये भारताचे तीन दुचाकीस्वार होते. त्यांपैकी आशिष रावराणे हे मर्चंट नेव्हीतले. उपजीविका समुद्रावर आणि हौस वाळूत! अशा हौशी माणसांना सराव करावा लागतो तो नोकरी आणि संसार सांभाळून उरलेल्या वेळात. हाच त्यांच्यापुढचा खरा धोका असतो, कारण मनाची तयारी झालेली असली तरी शरीराची अपुरी राहते.

एंड्युरोची गाडी शंभर किलोंच्या आसपास वजनाची असते. ती दिवसभरात अनेकदा पडते आणि दर वेळी स्वतःच उचलावी लागते. बहुतेक वेळ पायांवर उभे राहून चालवल्याने मांड्या आणि कंबर थकते. हँडल घट्ट धरून हाताचे स्नायू ताठरतात आणि बोटांनी ब्रेक दाबणे कठीण होते. जाड संरक्षक कपड्यांत घामाच्या धारा लागतात. पाणी आणि क्षार कमी झाले, की आधी निर्णय चुकतो आणि मग माणूस पडतो. म्हणूनच अनुभवी स्वार पाठीवर पाण्याची पिशवी बांधतात आणि तहान लागण्यापूर्वीच नळीने घोट घोट पीत राहतात.

ज्येष्ठांनी ही सवय आवर्जून घ्यावी. वयोमानाने तहानेची जाणीव मंदावते. आपल्या दमट हवेत घाम तर सतत येतो, पण पाणी मागितले जात नाही. मग दुपारी चक्कर येते आणि तोल जातो. काळजीवाहकांनी ‘तहान लागली का?’ असे विचारत न बसता ठरावीक वेळाने पेलाभर पाणी, ताक वा पेज पुढे करावी. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर व मिठावर बंधन असेल, तर प्रमाण मात्र आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

डोक्याचा मार

बेंगळुरूचे सी. एस. संतोष हे २०१५ मध्ये डकारमध्ये उतरलेले पहिले भारतीय दुचाकीस्वार, आणि त्यांनी ती पूर्णही केली. २०२१ च्या त्याच डकारमध्ये चौथ्या दिवशी ते पडले. डोक्याला मार लागला, खांदा निखळला. त्यांना रियाधच्या रुग्णालयात हलवून औषधांनी बेशुद्धावस्थेत ठेवावे लागले. पुढे ते बरे झाले. उत्तम शिरस्त्राण, कसलेले शरीर आणि तत्पर वैद्यकीय पथक असतानाही हे घडले. मग हेल्मेट घरी ठेवून बाजारात जाणाऱ्या आणि मागे वृद्ध आईला बसवणाऱ्या मुलाला काय म्हणावे?

वयाबरोबर मेंदू किंचित आकसतो. त्याच्या आवरणाजवळील बारीक शिरा ताणल्या जातात आणि क्षुल्लक धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त इतके हळूहळू साचते, की लक्षणे कधी काही आठवड्यांनी दिसतात. पडल्यानंतरच्या काळात डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणे, चाल बदलणे किंवा एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे यांतले काहीही दिसले, तर ‘वयच झाले’ म्हणून सोडून देऊ नका. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. आपल्याकडून ओरोस किंवा गोव्यातील बांबोळीला पोहोचण्यात वेळ जातो, हेही ध्यानात ठेवा.

थांबणाऱ्याचा मान

जानेवारी २०२० मध्ये पोर्तुगालचे पाउलो गोन्साल्विस डकारमध्ये कोसळले आणि त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यापाशी थांबून धडपडणाऱ्यांत टोबी प्राइस हे आधीचे विजेते होते. मदतीसाठी थांबलेल्या स्वाराचा वेळ तेथे परत दिला जातो. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने (कलम १३४ अ) सद्हेतूने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. तेव्हा रस्त्यावर कोणी पडलेले दिसले तर अवश्य थांबा आणि १०८ ला फोन करा. जखमीला घाईने बसवू नका, पाणी पाजू नका, मान हलू देऊ नका. श्वास अडत नसेल तर हेल्मेट काढू नका. रक्त वाहत असल्यास स्वच्छ कापडाने दाबून धरा.

घरातील स्वाराला विचारायचे प्रश्न

मनाई केली, की चोरून जाणे सुरू होते. त्यापेक्षा शांतपणे विचारा: रक्तदाब, साखर आणि ईसीजी तपासलेस का? धाप लागणे, छातीत दडपण किंवा घराण्यात लहान वयातील हृदयविकार असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घेतलास का? शर्यतीत डॉक्टर आणि रुग्णवाहिका आहे का? एकदा आपटलेले हेल्मेट बदललेस का? विमा अशा शर्यतीतील अपघातालाही लागू आहे का? रक्तगट आणि घरचा दूरध्वनी क्रमांक अंगावर ठेवशील का? अर्ध्यातून परतण्याची वेळ आली, तर परतशील का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्याकडे मनापासून ‘हो’ असे आहे, त्याला आशीर्वाद द्यायला हरकत नाही. आणि तोच प्रश्न तो आपल्यालाही विचारू शकतो. काठी हाती घ्यायची वेळ आली, तर आपण घेऊ का?