दोन गणवेशांमधलं बालपण

नवी मुंबईजवळच्या रोडपालीपासून गडचिरोलीतलं भामरागड जवळपास हजार किलोमीटरवर. राज्य मात्र एकच. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला. नक्षलवादी त्याआधीच, १९८०च्या सुमारास, आंध्रातून इथे शिरले होते. लष्करी राजवट इथे कधीच नव्हती. होतं ते १९९०पासून पोलिसांचं सी-६० पथक; जोडीला केंद्रीय राखीव पोलीस दल. पण माडिया आदिवासी पोराच्या लेखी लष्कर आणि पोलीस हा फरक कागदावरचा. रात्री जंगलातले नक्षलवादी येऊन भात मागायचे, दिवसा पोलीस येऊन ‘कोण आलं होतं?’ विचारायचे. २८ जुलै ते ३ ऑगस्ट नक्षल सप्ताह. तेव्हा आतल्या भागात एसटी बंद असे, बाजार ओस पडे. नक्षलवाद्यांनी पोलिसांचा ‘खबऱ्या’ ठरवून बाप मारला, की घरच्यांना गाव सोडावं लागे. नक्षलवाद्यांनी ‘बालसंघम’मधून मुलांनाच निरोपे केलं, याला माफी नाही. भामरागडजवळच्या हेमलकशाची लोकबिरादरी आश्रमशाळा मात्र १९७६पासून या साऱ्या धामधुमीतही चालू राहिली. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवादी नेता भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला अहेरी–गर्देवाडा एसटी धावू लागली होती.