एका मेसेजात मावणारा शालू

लग्नसराईच्या तोंडावर दादरच्या किंवा पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातून बनारसच्या गादीवर जो मेसेज जातो, तो तिऱ्हाईताच्या हाती पडला तर त्याला काडीचाही बोध व्हायचा नाही. एका शालूचा फोटो, पदरावरच्या एका बुट्टीभोवती बोटाने ओढलेलं वेडंवाकडं लाल कडं, आणि खाली साधारण अशी ओळ: ‘यही बूटी, रानी नहीं मरून, कढुआ, ४ नग.’ पलीकडून येतो एक अंगठा. झाला सौदा. कारागिराचे कितीतरी आठवडे आणि व्यापाऱ्याचे बरेच पैसे त्या अंगठ्यावर अडकले.

कामाच्या मेसेजांना आपण उथळ, तुटक म्हणून नावं ठेवतो. मला मात्र ही ओळ थक्क करते. त्या आठ शब्दांत जे लिहिलेलं नाही, ते पाहा.

‘रानी’ म्हणजे विशिष्ट गडद गुलाबी. तो दोन्हीकडच्यांनी रेशमाच्या लडीवर हजारदा पाहिलेला असतो. फोनच्या पडद्यावर रंग फसवतो. त्याच शालूचा फोटो ट्यूबलाइटखाली एक दिसतो, उन्हात दुसराच. म्हणून फोटो जोडूनही रंगाचं नाव लिहावं लागतं. धानी, फिरोजी, अंगूरी ही नावं इथे कॅमेऱ्यापेक्षा भरवशाची.

‘कढुआ’ या एका शब्दात तर मजुरीचा अख्खा हिशेब आहे. फेकुआ पद्धतीत जरीचा जादा बाणा पन्ह्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेकला जातो आणि मागे लोंबणारे धागे नंतर कातरतात. कढुआत प्रत्येक बुट्टी स्वतंत्र, तिच्यासाठी वेगळी छोटी कांडी. पाठ उलटून पाहिली तर एका बुट्टीतून दुसरीकडे गेलेला धागा सापडत नाही. दिवस वाढतात, किंमत वाढते. हे सगळं मेसेजात लिहायची गरज नाही, कारण लिहिणारा आणि वाचणारा दोघांच्याही डोक्यात ते आधीपासून आहे. मेसेज फक्त त्यातलं काय निवडायचं ते सांगतो.

मग हा निरोप गादीवरून पुढे निघतो. चौकातल्या, कुंज गलीतल्या गद्दीदाराकडून तो मदनपुरा किंवा अलईपुऱ्यातल्या गिरस्त्याकडे जातो. गिरस्ता म्हणजे माग आणि कारागीर सांभाळणारा मुख्य विणकर. नक्षी नवी असेल तर तिथून नक्शेबंदाकडे. आणि इथे एक गंमत होते. फोटोत सगळं दिसत असतं, पण माग त्यावर चालत नाही. फोटो सांगतो की कुठे किती उजेड पडला. मागाला हवं असतं की कुठला धागा उचलायचा. हे भाषांतर नक्शेबंद करतो. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत तो बुट्टा उतरवतो आणि त्यावरून पुठ्ठ्याचे पत्ते भोकं पाडून तयार होतात.

हे पत्ते जॅकार्डचे. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ मारी जॅकार्डचं यंत्र १८०४ चं. बनारसच्या मागांवर ते पुढच्या शतकात रुळलं. त्याआधी इथे ‘जाला’ होता: नक्षी दोऱ्यांच्या जाळीत बांधून ठेवायची आणि मदतनिसाने वर बसून ते दोरे ओढायचे. म्हणजे बुट्ट्याची स्मृती गाठींत. जॅकार्डने ती भोकांत आणली. भोक असेल तिथला हूक ताण्याचा धागा उचलतो, नसेल तिथला जागच्या जागी राहतो. होय किंवा नाही, तिसरं काही नाही.

आता हिशेब करून पाहू. ४०० हुकांचं जॅकार्ड धरलं, तर एका पत्त्यावर ४०० ‘होय-नाही’ मावतात. आपला साधा एसएमएस किती घेतो? ११२०. म्हणजे तीन पत्तेही पुरते नाहीत! साध्या हिशेबाने ३०० फेऱ्यांचा बुट्टा धरला, एका फेरीला एक पत्ता, तर १,२०,००० ‘होय-नाही’ झाले. तो एसएमएसने पाठवायचा म्हटलं तर शंभराहून जास्त मेसेज लागतील. आणि गिऱ्हाईकाने पाठवली होती एक ओळ.

११२० हा आकडा कुठून आला, तेही मजेदार आहे. मोबाइलच्या जाळ्यात बोलण्याची वाट वेगळी आणि ‘कॉल येतोय, घंटा वाजव’ असले हुकूम नेणारी वाट वेगळी. ही दुसरी वाट बराच वेळ रिकामी असते. तिच्यातूनच चिठ्ठ्या सोडाव्यात, अशी कल्पना निघाली. पण तिथे एका वेळी १४० बाइटच मावत. एका रोमन अक्षराला सात बिट दिले की बरोबर १६० अक्षरं. तेवढी पुरतील का, हे फ्रीडहेल्म हिलेब्रांड या जर्मन अभियंत्याने १९८५ मध्ये बॉनमध्ये टंकलेखन यंत्रावर मनाला येतील ती वाक्यं लिहून, अक्षरं मोजून ठरवलं. पोस्टकार्डं आणि कचेऱ्यांतले टेलेक्सही त्याच्या बाजूने निघाले. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ चा. नील पॅपवर्थ या अभियंत्याने व्होडाफोनच्या रिचर्ड जार्व्हिस यांना नाताळच्या शुभेच्छा पाठवल्या. शुभेच्छा खऱ्या, पण तो होता कामाचाच भाग. यंत्रणा चालते का, याची चाचणी.

देवनागरीच्या वाट्याला यातलं कमी आलं. आपल्या अक्षरांना सात बिट पुरत नाहीत, सोळा लागतात. म्हणून मराठी किंवा हिंदी एसएमएस ७० वर संपतो. तेही आपण मोजतो तशी अक्षरं नव्हेत. ‘क्षत्रिय’ आपल्याला तीन अक्षरी दिसतो, फोन तो आठ मोजतो: क, हलन्त, ष, त, हलन्त, र, वेलांटी, य. मेसेजागणिक पैसे मोजायच्या काळात बनारसपासून बेळगावपर्यंतचा व्यापारी रोमन लिपीत हिंदी लिहायला लागला, त्यामागे हाही हिशेब होता. आता व्हॉट्सॲपवर ती अडचण उरली नाही, सवय मात्र उरली. ज्याला तीही नको, तो आवाज भरून पाठवतो.

थोड्या शब्दांत मोठा व्यवहार हलवायची बनारसची सवय मोबाइलच्या पुष्कळ आधीची. पेशवाईत काशीयात्रेला निघालेला शहाणा माणूस सगळी रोकड बरोबर बाळगत नसे. पुण्यातल्या सावकाराकडे ती भरायची, काशीच्या पेढीवरची हुंडी घ्यायची. बनारसचे नौपट्टी महाजन आणि गोपालदासांची पेढी हे सराफीतलं मोठं प्रस्थ होतं. हुंडी म्हणजे एका पेढीने दुसरीला लिहिलेला चार-सहा ओळींचा निरोप. तिची एक खुबी मला फार आवडते. रक्कम आकड्यात असे, अक्षरात असे, आणि वर ‘निम्मे पाचशे, त्याची दुप्पट’ अशा थाटात पुन्हा सांगितलेली असे. कोणी एक शून्य वाढवलं तर निम्म्याचं गणित फिसकटणार. आज संगणक पाठवलेल्या आकड्यांबरोबर पडताळ्याचा आकडा जोडतात, तीच ही युक्ती. हुंडी गहाळ झाली तर पैठ, ती गेली तर परपैठ, अशा पुढच्या प्रतींचीही सोय ठरलेली.

या बाबतीत आपला मेसेज हुंडीपेक्षा कच्चा आहे. ‘४ नग’ लिहिताना बोट घसरून ४० झाले तर अडवणारं त्यात काही नाही. २०१४ पासून व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा दिसतात, पण त्या सांगतात एवढंच की पलीकडे मेसेज उघडला गेला. पेढीवर हुंडी दाखवणं वेगळं आणि पेढीने ती सकारणं वेगळं, हा फरक सराफांना पक्का ठाऊक होता. म्हणून सावध गद्दीदार ऑर्डर आपल्या शब्दांत पुन्हा लिहून पाठवतो, बयाणा घेतो, मगच नक्शेबंदाकडे माणूस धाडतो.

आणि फोटो पाठवताना तो आणखीच सावध असतो, कारण इथला निरोप कमी सांगतो ही अडचण नाही. फार सांगतो, ही आहे. कढुआ शालू मागावरून उतरायच्या आत त्याच नक्षीची यंत्रमागावरची स्वस्त नक्कल सुरतेहून बाजारात येते, हे बनारसचं जुनं दुखणं. २००९ मध्ये ‘बनारस ब्रोकेड्स अँड सारीज’ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, त्याने नाव राखलं, फोनमधून फोनमध्ये जाणारी बुट्टी त्याने कशी अडणार? त्यामुळे नवी नक्षी अनेकदा पुरती धाडलीच जात नाही. काठाचा एक तुकडा, पदराचा कोपरा, एकदाच उघडणारा फोटो. सगळा शालू पाहायचा असेल तर गिऱ्हाइकाने बनारसला यायचं, चप्पल काढून पांढऱ्या गादीवर बसायचं.